जुनी व्हॅन तपासणीला नेण्याआधी: मागून पुढे, खालून वर

एका लाँड्रीच्या नऊ व्हॅनची देखभाल माझ्याकडे होती. ओल्या चादरी, टॉवेल, पडदे हे त्यांचं रोजचं ओझं. वाळलेलं कापड हलकं असतं, पण ओलं कापड वाळूच्या पोत्यासारखं बसतं, आणि बसतं ते मागच्या ॲक्सलवर, म्हणजे मागची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यावर. नऊपैकी सगळ्यात जुनी गाडी ४ लाख १० हजार किलोमीटर पळालेली होती. एका वर्षी ती, गाडी रस्त्यावर चालायला योग्य आहे का हे बघणाऱ्या तपासणीत, नापास झाली. कागदावर पाच दोष होते: हेडलाइटचा झोत वर, मागच्या शॅकलचा (स्प्रिंगचं टोक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या दुव्याचा) रबरी बुश फाटलेला, बंप स्टॉप (ॲक्सल वर आपटू नये म्हणून लावलेला ठोकळा) चेपलेला, मागच्या उजव्या चाकाचा ब्रेक डाव्यापेक्षा बराच कमजोर, आणि त्याच चाकापाशी तेलाची गळती.

मी पाचही दुरुस्त केले. झोत खाली आणला, बुश आणि बंप स्टॉप नवे टाकले, तेलाने भिजलेले लायनर, म्हणजे ब्रेकचे घासणारे पट्टे, बदलले, तेल अडवणारं ऑईल सील बदललं. गाडीची मागची बाजू बसलेली दिसत होती म्हणून दोन्हीकडे एकेक जादा पाटाही, म्हणजे स्प्रिंगची लांब पोलादी पट्टी, चढवून घेतला. पंधरा दिवसांनी गाडी पुन्हा नेली आणि ती पुन्हा नापास झाली. आता हेडलाइट फार खाली होते, मागचे दोन्ही ब्रेक कमी धरत होते आणि नवं सील परत पाझरायला लागलं होतं.

ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकले ते मिस्त्री दोन्ही कागद शेजारी ठेवून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "दोष पाच नाहीत. आजार दोन आहेत."

पहिला आजार पाट्यांचा. वर्षानुवर्षांच्या ओझ्याने पाटे बसले होते. मागची बाजू खाली गेली म्हणून नाक वर आलं आणि हेडलाइट आभाळाकडे बघायला लागले. शॅकल वाकड्या कोनात गेल्यामुळे बुश फाटला, आणि प्रत्येक खड्ड्याला ॲक्सल बंप स्टॉपवर आपटत राहिला. दुसरा आजार त्याहून लहान: ॲक्सलच्या नळीवरचा ब्रीदर, म्हणजे हवा जायची बोटाएवढी टोपी, चिखलाने बुजली होती. गाडी पळाली की आतलं तेल तापतं, हवा फुगते, आणि तिला बाहेर पडायला वाट नसली की ती तेलाला सीलमधून ढकलते. ते तेल लायनरवर येतं आणि ब्रेक निकामी होतो. मी सील बदललं, ब्रीदर तसाच ठेवला. नवं सील टिकणार कसं?

तेव्हापासून मी जुन्या व्हॅनला मागून पुढे आणि खालून वर तपासते. तीच पद्धत इथे सांगते आहे. तपासणीच्या तारखेच्या किमान चार आठवडे आधी हे करा. आदल्या दिवशी सापडलेल्या दोषाचा सुटा भाग मिळत नाही, आणि घाईत केलेली दुरुस्ती तपासनिसाच्या नजरेतून सुटत नाही.

आधी गाडी कशी म्हातारी झाली ते ओळखा

व्हॅन दोन प्रकारे जुनी होते. एक किलोमीटरने, दुसरी वर्षांनी. सहा वर्षांत चार लाख किलोमीटर पळालेल्या गाडीचे जॉइंट, बुश, बेअरिंग, इंजिनचे माउंटिंग, सीटबेल्ट आणि दारांच्या बिजागऱ्या झिजतात, पण पत्रा बहुधा शाबूत असतो. अठरा वर्षांत दीड लाख पळालेल्या गाडीचं उलट: जॉइंट ठणठणीत, आणि ब्रेकचे पाईप, रबरी होज, इंधनाच्या नळ्या, चासी (गाडीचा सांगाडा) गंजलेल्या. दोन्ही जमल्या असतील तर दोन्हीकडे बघावं लागतं. पण आपली गाडी मुख्यतः कुठल्या बाजूची आहे हे कळलं की विजेरी आधी कुठे मारायची ते ठरतं.

लागणाऱ्या वस्तू साध्या आहेत. चांगली विजेरी, जाड स्क्रू ड्रायव्हर, टॉमी (लोखंडी पहार), वायर ब्रश, हवेचं गेज, मोजपट्टी, जॅक आणि दोन घोड्या (उचललेल्या गाडीखाली लावायचे टेकू). शिवाय एक माणूस. माणसाशिवाय अर्धी तपासणी होतच नाही, कारण स्टिअरिंग हलवणारा आणि जॉइंट बघणारा एकच असू शकत नाही.

एक गोष्ट इथेच सांगते. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या व्हॅनखाली जाऊ नका. बहुतेक व्हॅनचा हँडब्रेक मागच्या चाकांवर काम करतो. मागची चाकं उचलली की गाडीला धरून ठेवणारं काही उरत नाही, त्यामुळे पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा आणि घोड्या चासीखाली लावूनच आत सरका. आमच्याकडच्या एका शिकाऊ मुलाचा हात अशाच एका घसरलेल्या जॅकखाली सापडला होता. हात वाचला, पण त्या दिवसापासून मी हे सांगितल्याशिवाय कुणाला पाना हातात देत नाही.

मागची बाजू: पाटे, व्हॉल्व्ह, ब्रेक

सपाट जागेवर रिकामी व्हॅन उभी करा, चारही टायरांत बरोबर हवा भरा, आणि दहा पावलं मागे जाऊन बघा. मागची बाजू एका अंगाला झुकली आहे का? मग मोजपट्टीने मागच्या चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजा. डाव्या-उजव्यात दोन-अडीच सेंटीमीटरचा फरक दिसला तर एखादा पाटा मोडला आहे किंवा बसला आहे. मोडलेला पाटा शोधायचा तर वायर ब्रशने कडा साफ करा आणि विजेरी आडवी धरा. चीर बहुधा मधल्या बोल्टजवळ किंवा पाट्याच्या टोकाच्या डोळ्याजवळ असते. तिथे गंजाची बारीक तांबूस रेघ दिसते. मेन पाट्याला चीर असेल तर त्यावर तोडगा नाही, पाटा बदलायचा. ॲक्सलला पाट्यांशी बांधणाऱ्या यू बोल्टचे नट सैल असतील तर ॲक्सल पुढेमागे सरकलेला असतो, आणि त्याच्या खुणा पाट्यावर चकचकीत घासलेल्या दिसतात.

आता बहुतेक लोक चुकतात ती जागा. पुष्कळ व्हॅनच्या मागच्या ॲक्सलजवळ लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. चासीवर व्हॉल्व्ह, त्याला एक दांडी किंवा स्प्रिंग, आणि दांडीचं दुसरं टोक ॲक्सलला. ओझं भरलं की चासी खाली येते, दांडी वर ढकलली जाते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी रिकामी असली की दाब कमी करतो, नाहीतर रिकाम्या व्हॅनची मागची चाकं लगेच लॉक होतील आणि शेपूट फिरेल. म्हणजे या व्हॉल्व्हला ओझं कळत नाही, त्याला फक्त चासी आणि ॲक्सलमधलं अंतर कळतं. मी जादा पाटा चढवला तेव्हा चासी वर गेली, आणि भरलेली गाडीसुद्धा त्याला रिकामी वाटायला लागली. मागचे ब्रेक कमजोर झाले ते त्यामुळे. लायनर नवे होते, ड्रम चांगले होते, सिलिंडर कोरडे होते, आणि मी दोन दिवस नको तिथे शोधत बसले.

तेव्हा पाटे बदलले, वाढवले किंवा उंची कमीजास्त झाली की हा व्हॉल्व्ह कंपनीच्या मापाप्रमाणे पुन्हा बसवून घ्या. माप गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेत असतं, अंदाजाने लावू नका. जुन्या गाडीत दुसरी अडचण म्हणजे दांडीचा सांधा गंजून जाम होतो. बोटांनी हलवून बघा. ती मोकळी हलली पाहिजे आणि सोडल्यावर जागेवर आली पाहिजे. काही ठिकाणी मला ती तारेने बांधून ठेवलेली सापडली आहे. ती गाडी ओल्या रस्त्यावर कुणाचा तरी जीव घेईल.

ब्रेकच्या तपासणीत गाडीची चाकं फिरत्या रोलरवर ठेवतात आणि प्रत्येक चाक किती जोराने धरतं ते मोजतात. एकाच ॲक्सलच्या दोन चाकांत मोठा फरक निघाला तर नापास. बऱ्याच देशांत ही मर्यादा सुमारे ३० टक्के आहे. रोलर आपल्याकडे नसला तरी फरक कळतो. मोकळ्या सरळ रस्त्यावर कमी वेगात जाऊन ब्रेक दाबा, गाडी एकीकडे ओढते का बघा. मग पंधरा-वीस मिनिटं साधं चालवून आणा आणि उतरल्याबरोबर प्रत्येक चाकाच्या रिमजवळ हात न्या. टेकवू नका, नुसती धग घ्या. एक चाक इतरांपेक्षा फार तापलं असेल तर ब्रेक अडकून राहतोय. एखादं थंडगार असेल तर ते धरतच नाही. अडकण्याचं कारण नेहमी डिस्क ब्रेकच्या कॅलिपरचा पिस्टन नसतो. जुना रबरी होज आतून फुगतो, त्याचं अस्तर सुटतं, आणि दाबाने गेलेलं ऑईल परत येत नाही. बाहेरून होज छान दिसतो. ब्लीडरचा (ब्रेकमधली हवा काढायचा) स्क्रू जरा सैल केल्याबरोबर चाक मोकळं झालं तर होज किंवा त्याच्या मागची लाइन बघा.

हँडब्रेक कमी धरतो म्हणून सगळे आधी केबल आवळतात. ड्रम ब्रेकच्या गाडीत हे उलट्या बाजूने सुरू करणं आहे. आधी केबल पूर्ण ढिली करायची, ड्रम काढून ॲडजस्टर (लायनर आणि ड्रममधलं अंतर जुळवणारा भाग) साफ करून मोकळा करायचा, लायनर ड्रमच्या जवळ आणायचे, आणि सगळ्यात शेवटी केबल. आधीच केबल ताणली तर लायनरचा लिव्हर अर्धा उघडलेला राहतो, स्वतः जुळणारा ॲडजस्टर कामच करत नाही, आणि महिन्याभरात पॅडल खोल जायला लागतं. ड्रम उघडला आहे तर चाकाच्या सिलिंडरची रबरी टोपी हलकेच उचलून बघा. आत ओल दिसली तर सिलिंडर गेला. आणि तो ब्रीदर: टोपी फिरते का, वर-खाली हलते का, तेवढं बघा. नाही हलली तर काढा, रॉकेलमध्ये धुवा, हवा मारा. तेलाने भिजलेले लायनर मात्र धुऊन, भाजून परत वापरू नका. नवे टाका, आणि दोन्ही चाकांना एकदम टाका.

ब्रेकचे लोखंडी पाईप मागच्या ॲक्सलवर आणि इंधनाच्या टाकीच्या वरून जातात. टाकीच्या वरचा भाग कुणी बघत नाही, आणि चिखल तिथेच साठतो. क्लिप जिथे पाईपला धरते तिथे गंज सुरू होतो. वायर ब्रश हलक्या हाताने फिरवा. पाईप खडबडीत झाला असेल, पापुद्रे निघत असतील तर बदलायचा. वरून रंग किंवा ग्रीस लावून झाकू नका.

पॅडल तपासायला दोन मिनिटं पुरतात. इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पॅडल मारा, दाबून धरा, आणि इंजिन चालू करा. पॅडल थोडं खाली गेलं तर पायाचा जोर वाढवणारा बूस्टर आणि त्याचा व्हॅक्यूम ठीक आहेत. मग इंजिन चालू ठेवूनच मिनिटभर जोराने दाबून धरा. हळूहळू खाली जात राहिलं आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर मास्टर सिलिंडर, म्हणजे पॅडलने ऑईलला दाब देणारा सिलिंडर, आतून सोडतोय. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ प्रकारच्या नव्या ऑईलचा उकळबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी शिरल्यावर तो १५५ अंशांच्या आसपास येतो. भरलेली व्हॅन घाट उतरताना हा फरक पायाखाली कळतो. दोन वर्षांत एकदा बदलणं ही माझी सवय आहे.

पत्रा आणि चासी

आमच्या लाँड्रीच्या गाड्यांत मागे प्लायवूडची फळी होती. एकदा ती उचलली आणि खाली पत्र्याऐवजी तांबूस चाळण होती. वरून फळी कोरडी, खाली वर्षभराचं पाणी. तेव्हा सामान ठेवायची फळी, रबरी चटई, आवाज अडवणारा फोम, जे काही उचलता येईल ते उचला. मग सरकत्या दाराच्या खालचा उंबरा, जॅक लावायच्या जागा, पाट्याचे हँगर चासीला जिथे जोडले आहेत तो भाग, चाकाच्या कमानीच्या आतली बाजू आणि सीटबेल्टचे बोल्ट जिथे बसतात त्या जागा बघा. तपासनीस कडक असतो तो या जोडणीच्या जागांबद्दल. दाराच्या मधोमध पडलेलं भोक दिसायला वाईट असतं. पाट्याच्या हँगरजवळचं भोक ॲक्सल सोडून देऊ शकतं.

स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. चांगल्या पत्र्याचा आवाज टणटणीत येतो, कुजलेल्याचा दबका. शंका आली तर टोकाने दाबा. भोक पडलं तर ते होतंच, तुम्ही पाडलेलं नाही. रंगाखाली लांबी (खड्डे बुजवायचं पुटीन) भरली आहे का हे बघायला साधं चुंबक पुरतं, ते लांबीवर चिकटत नाही.

चासीच्या कामात लांबी, फायबर किंवा रिव्हेट मारलेली पट्टी चालत नाही. कुजलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून तितक्याच जाडीचा तुकडा चारही कडांनी वेल्ड करायचा. वेल्डिंगआधी बॅटरीच्या तारा काढा, इंधनाच्या आणि ब्रेकच्या नळ्या बाजूला घ्या, आणि पत्र्याच्या दुसऱ्या अंगाला काय आहे ते स्वतः बघा. फळी, फोम, वायरिंग. आतल्या बाजूला पाण्याची बादली घेतलेला माणूस उभा असल्याशिवाय मी वेल्डिंग सुरू होऊ देत नाही. तपासणीच्या आधी खाली जाड काळा थर मारू नका. ताजा थर दिसला की खाली काय लपवलं आहे असंच कोणालाही वाटेल, आणि ते वाटणं रास्त आहे. दुरुस्त करा, साधा प्राइमर आणि रंग मारा, जोड दिसू द्या. जाड थर तपासणी झाल्यावर.

दिवे: व्हॅनच्या मागच्या दाराचं रहस्य

दिव्यांवर सगळ्यात जास्त व्हॅन नापास होताना मी पाहिल्या आहेत, आणि सगळ्यात कमी खर्चात सुटणारा दोषही हाच. डिलिव्हरीच्या गाडीचं मागचं दार दिवसात पन्नास-साठ वेळा उघडतं. बिजागरीजवळच्या रबरी नळीतल्या तारा प्रत्येक वेळी वाकतात आणि एक दिवस आतल्या आत तुटतात. बाहेरचं प्लास्टिक शाबूत असतं. नंबर प्लेटचा दिवा, वरचा तिसरा ब्रेक लाइट, मागची काच तापवणारी तार यांपैकी काही दार उघडल्यावर लागतं आणि बंद केल्यावर विझतं, असं झालं तर बल्ब बदलत बसू नका. रबरी नळी सरकवून प्रत्येक तार हलकेच ओढा. तुटलेली हातात येते. जोडताना थोडी जास्त लांब आणि लवचीक तार वापरा, आणि जोड नळीच्या बाहेर ठेवा, वाकणाऱ्या जागी नको.

दुसरा नेहमीचा आजार अर्थिंगचा. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद पेटतो, किंवा इंडिकेटरबरोबर पार्किंग लाइटही मिचमिचतो. वीज परतीची वाट सापडत नाही म्हणून शेजारच्या दिव्यातून जाते. होल्डर नवा घेण्याआधी मागच्या दिव्याजवळचा अर्थचा स्क्रू काढा, पत्रा आणि तारेचा डोळा घासून चकचकीत करा, परत आवळा.

हेडलाइटचा झोत सगळ्यात शेवटी. पाटे, टायरची हवा आणि ओझं जागेवर आल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. मी आधी लावला आणि दुसऱ्यांदा नापास झाले. अनेक व्हॅनमध्ये दिव्यावर किंवा बॉनेटखालच्या चिठ्ठीवर टक्क्यांचा आकडा छापलेला असतो, समजा १.२ टक्के. त्याचा अर्थ, भिंत १० मीटरवर असेल तर डीप, म्हणजे खालच्या, झोताची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा १२ सेंटीमीटर खाली पडली पाहिजे. जमीन सपाट, ड्रायव्हरच्या जागी एक माणूस, आणि आत झोत वर-खाली करायचं चाक असेल तर ते शून्यावर. काच पिवळी, धूसर झाली असेल तर आधी पॉलिश करा. धूसर काचेतून कड स्पष्ट पडतच नाही.

पुढची बाजू

पुढचं चाक उचला. पण जॅक कुठे लावायचा हे सस्पेन्शनवर अवलंबून आहे. स्प्रिंग खालच्या आर्मवर बसलेली असेल तर जॅक आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जवळ. स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला उभा भाग) असेल तर चासीखाली, म्हणजे चाक लोंबकळतं राहील. चुकीच्या जागी उचललं तर जॉइंट ताणाखाली राहतो आणि ढिला असूनही घट्ट वाटतो. मग चाक वर-खाली धरून, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी, हलवा. खेळ लागला तर साथीदाराला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर तो बेअरिंगचा, राहिला तर बॉल जॉइंट किंवा बुशचा. ९ आणि ३ च्या जागी धरून खेळ लागला तर टाय रॉड एन्ड (स्टिअरिंगच्या दांडीचा चाकाजवळचा सांधा) आणि स्टिअरिंग रॅक बघा. बुश तपासायला टॉमी लावून आर्म हलकेच ढकला. रबर थोडं दबणारच, पण धातूला धातू लागल्याचा खट्ट आवाज आला तर बुश गेला.

रबरी बूट हा छोटा भाग, पण तो फाटला की वाळू आत जाते आणि ग्रीस बाहेर येतं. ड्राइव्ह शाफ्टचा बूट वेळेत बदलला तर जॉइंट वाचतो. मागच्या चाकांना जोर देणाऱ्या व्हॅनमध्ये जोर मागे नेणाऱ्या लांब दांड्याचे क्रॉस (सांधे) आणि मधलं बेअरिंगही हाताने फिरवून बघा. शॉकअपवर तेलाचे ओघळ असतील तर जोडीने बदला; नुसती धुळीने माखलेली हलकी ओल दोष धरत नाहीत.

टायर

बऱ्याच देशांत नक्षीची किमान खोली १.६ मिलिमीटर आहे, आणि खाचांतले छोटे उंचवटे त्याच मापाचे असतात. नक्षी उंचवट्याच्या बरोबरीला आली की टायर संपला. बाहेरची कड बघून समाधान मानू नका, स्टिअरिंग पूर्ण वळवून आतली कड बघा. व्हॅनच्या बाबतीत टायरच्या भिंतीवरचा आकडाही वाचा. १०४/१०२ लिहिलं असेल तर पहिला आकडा एकेरी चाकाचा, म्हणजे ९०० किलो, दुसरा दुहेरी चाकाचा, ८५० किलो. कारच्या टायरवर ९१ असेल तर तो ६१५ किलोचाच आहे. तो व्हॅनला बसतो, पळतो, आणि भरलेल्या गाडीखाली उन्हात फुटतो. डॉट या अक्षरांनंतरच्या शेवटच्या चार आकड्यांत टायर कधी बनला ते असतं: २३१७ म्हणजे २०१७ सालचा २३ वा आठवडा. भिंतीला चिरा पडलेल्या जुन्या टायरची नक्षी कितीही खोल असो, मी तो उतरवते.

धूर

डिझेल व्हॅनची धुराची तपासणी होते तेव्हा इंजिन झपकन पूर्ण वेगापर्यंत नेतात, आणि ते अनेकदा. चार लाख किलोमीटर पळालेल्या इंजिनाला हा मोठा ताण आहे. म्हणून टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याची नोंद सापडत नसेल तर तो आधी बदला. बेल्ट तिथे तुटला तर पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन उघडावंच लागतं. तेलाची पातळी बघा, कमी नको आणि खुणेच्या वर तर अजिबात नको.

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. सुरुवात एअर फिल्टरपासून करा, मग टर्बोच्या होजची गळती, ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा), आणि शेवटी इंजेक्टर. निळा धूर म्हणजे इंजिन तेल खातंय. गरम झाल्यावरही जाड पांढरा धूर राहिला तर इंजेक्टर, कॉम्प्रेशन किंवा इंजिनात शिरणारं पाणी. दिवसभर थांबत थांबत गल्लीबोळात फिरणारी व्हॅन काजळी साठवते. तपासणीच्या दिवशी अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर, नेहमीपेक्षा एक गिअर खाली ठेवून चालवा आणि गरम इंजिनानेच पोहोचा. थंड इंजिनाने पोहोचलेली, बाकी सगळं ठीक असलेली गाडी नापास होताना मी पाहिली आहे.

सायलेन्सर थंड असताना मागच्या तोंडावर जाड फडकं काही सेकंद धरायला सांगा, इंजिन नुकतंच चालू केलेलं असताना. कुठूनतरी फसफस ऐकू आली की भोक सापडलं.

केबिन

सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. ड्रायव्हरचा पट्टा दारात सापडून कडेने विरतो, आणि विरलेला भाग नेहमी गुंडाळीच्या आत असतो. झटका दिला की तो अडकला पाहिजे, सोडला की परत गेला पाहिजे. मळलेला पट्टा सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने पुसला तरी परत जायला लागतो. चावी फिरवल्यावर एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा), एअरबॅग आणि इंजिनचे दिवे आधी लागून मग विझले पाहिजेत. न लागणारा दिवा हाही दोषच आहे. बल्ब काढून ठेवलेला असेल तर तो परत बसवा आणि खरा दोष शोधा. एबीएसचा दिवा जळत राहिला तर चाकाजवळच्या सेन्सरवर साठलेला गंज आणि तुटलेली दातेरी रिंग आधी बघा. वायपर, काच धुवायचं पाणी, हॉर्न, आरसे, ड्रायव्हरच्या समोरच्या काचेतली चीर, सरकत्या दाराचं कुलूप आतून-बाहेरून उघडणं, हे दहा मिनिटांचं काम आहे.

तपासणीच्या दिवशी

गाडी दोन-तीन दिवस आधी खालून धुवा, त्याच सकाळी नको. ड्रम ओले राहतात आणि दिव्यांत वाफ धरते. मागचं सामान पूर्ण उतरवा. फळी सुटी असेल तर तीही काढून ठेवा, म्हणजे पत्रा दिसतो. ग्लोव्ह बॉक्समध्ये दोन-तीन जादा बल्ब, फ्यूज आणि स्क्रू ड्रायव्हर असू द्या. काही ठिकाणी गेलेला बल्ब तिथेच बदलू देतात.

नापास झालीच, तर कागद हातात घेऊन गॅरेजकडे धावण्याआधी तपासनिसाला प्रत्येक दोष गाडीवर दाखवायला सांगा. बोट ठेवून कुठे ते बघा, फोटो काढा. मग दुरुस्ती या क्रमाने: आधी पत्रा आणि चासी, मग पाटे आणि सस्पेन्शन, त्यानंतर लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह आणि ब्रेक, मग टायर आणि अलाइनमेंट, शेवटी हेडलाइट. आमची ती ४ लाख १० हजारवाली गाडी याच क्रमाने पुन्हा उभी केली: जादा पाटे उतरवून मूळ मापाचे नवे पाटे, व्हॉल्व्ह मापावर, ब्रीदर साफ, सील आणि लायनर पुन्हा नवे. हेडलाइटचा स्क्रू मिस्त्रींनी मला फिरवू दिला तो सगळं संपल्यावर, संध्याकाळी, भिंतीसमोर. तिसऱ्या खेपेला कागदावर एकही ओळ आली नाही, आणि ती व्हॅन त्यानंतर आणखी चार वर्षं ओल्या चादरी वाहत होती.